मोकळी खिचडी, मोकळी बॅच

संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एखाद्या औषध कारखान्यात डीएम (खनिजमुक्त पाण्याच्या) प्लांटवर ड्यूटी करणाऱ्या ऑपरेटरला सांगा, तो जुन्या रेझिनची चिमूट तळहातावर घेऊन दाखवील. मधाच्या रंगाचे, खसखशीएवढे, अगदी गोल दाणे. हे दाणे कोणी साच्यात पाडलेले नसतात. पाण्यात ढवळल्या जाणाऱ्या तेलकट द्रवाचे ते थेंब होते. भांड्यातल्या भांड्यात घट्ट होऊन त्यांचे दाणे झाले. कोट्यवधी थेंब कित्येक तास एकमेकांवर आपटत राहिले आणि तरी एकमेकांत मिसळले नाहीत, एवढीच त्यांची कमाई.

या पद्धतीला सस्पेन्शन पॉलिमरायझेशन म्हणतात. रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ सुप्रीम पेट्रोकेमच्या कारखान्यात थर्माकोलचा कच्चा मणी बनतो, तो याच जातीचा. रत्नागिरीजवळ रानपारला फिनोलेक्सचं पीव्हीसी बनतं, तेही याच जातीचं. दातांच्या कवळीसाठी जी गुलाबी ॲक्रिलिक पावडर कालवतात, ती भिंगाखाली धरलीत तर तिथेही बारीक गोल मणीच दिसतील.

थेंब वेगळे ठेवायचे दोन मार्ग आहेत. पाण्यात डिंकासारखं काही विरघळवायचं: पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, जिलेटिन किंवा सेल्युलोजचा एखादा प्रकार. नाहीतर पाण्यात न विरघळणारी बारीक पावडर टाकायची. डिंकाचं काम पटकन पटतं. पण पांढरी माती पाण्यात टाकली म्हणून तेलाचे थेंब एकमेकांपासून लांब का राहावेत? इथल्या विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात, चिकलठाण्याच्या सिपेटमध्ये किंवा जालन्याच्या आयसीटी परिसरात शिकणाऱ्यांना आणि शेंद्रा-वाळूजमध्ये पहिल्यांदाच पायलट रिॲक्टर हाती आलेल्यांना हा प्रश्न पडतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. थोडी कारणं, बाकी कृती.

कुटाचं काम

भिजलेला साबुदाणा तसाच कढईत टाकला तर परतता परतता गोळा होतो. दाण्याचं कूट आधी नीट चोळून घेतलं की दाणा न् दाणा मोकळा राहतो. दोन साबुदाणे भेटतात तेव्हा त्यांच्या मधे कूट असतं, आणि साबुदाण्याला साबुदाणा लागतच नाही.

खिचडी करणाऱ्याला तीन गोष्टी न शिकवता कळतात. कूट जाडंभरडं असेल तर झाकण नीट बसत नाही. कमी पडलं तर गोळा होतो. आणि कूट साबुदाण्याला लागलं पाहिजे; नुसतंच कढईच्या तळाशी राहिलं तर कितीही घाला, उपयोग शून्य. कणाचा आकार, कणांचं प्रमाण आणि कणांचं थेंबाला लागणं: सस्पेन्शनच्या पावडरीत पाहायच्या गोष्टी याच तीन. नवे केमिस्ट पहिल्या दोन मोजतात आणि तिसरी विसरतात. बॅच बहुतेक वेळा तिसरीमुळे बसते.

मोरचूद, चुना आणि रॉकेल

या विद्येची सुरुवात कारखान्यात झाली नाही, फळबागेत झाली. द्रवाच्या पृष्ठभागावर घन कणांचा थर साठतो आणि त्यामुळे बुडबुडे व थेंब टिकतात, हे वॉल्टर रॅम्सडेन यांनी 1903 मध्ये दाखवलं होतं. पण नाव झालं स्पेन्सर पिकरिंग यांचं. ते इंग्लंडात वोबर्नच्या प्रायोगिक फळबागेत काम करत. झाडांवरच्या किडीसाठी रॉकेलसारखं तेल पाण्यात मिसळून फवारायचं, तर तेल वर येतं. साबण घालून तेल मिसळणं त्यांना माहीत होतंच. त्यांनी मोरचूद आणि चुना एकत्र करून जो निळसर साका तयार होतो, तो वापरून पाहिला. तेल थेंबाथेंबाने पाण्यात बसलं आणि तसंच राहिलं. 1907 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे कणांनी टिकवलेल्या अशा मिश्रणांना ‘पिकरिंग इमल्शन’ म्हणतात.

मोरचूद आणि चुना म्हणजे बोर्डो मिश्रण! पैठण-जालना पट्ट्यातल्या मोसंबीवाल्याला हे वेगळं शिकवायला नको. 1 टक्क्याचं करायचं तर 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र ओतायचे. त्याचे नियमही पाठ असतात. लोखंडी भांडं नको. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, कारण ठेवलं तर साका जाड होऊन खाली बसतो आणि पानाला धरत नाही. आणि फवारायच्या आधी स्वच्छ लोखंडी खिळा मिश्रणात बुडवायचा. त्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा.

ताजा साका आणि आधी परीक्षा, हे दोन नियम लक्षात ठेवा. रिॲक्टरवर जसेच्या तसे लागू होतात.

कण हद्दीवर का बसतो

तेल आणि पाणी यांच्या हद्दीवर एक बारीक कण आला असं समजा. तो पूर्णपणे पाण्याने भिजणारा असेल तर पाण्यात परत जाईल. पूर्णपणे तेलाने भिजणारा असेल तर तेलात बुडेल. पण दोन्हींनी थोडा थोडा भिजणारा असेल तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे असा हद्दीवरच अडकेल. कारण त्याने हद्दीचा जेवढा तुकडा व्यापला, तेवढी तेल-पाण्याची एकमेकांशी गाठच पडत नाही, आणि तेवढी ऊर्जा वाचते. त्याला तिथून हलवायचं तर ती ऊर्जा परत मोजावी लागते.

ही ऊर्जा किती? 0.2 मायक्रॉन व्यासाचा कण अगदी अर्धा-अर्धा बसला असेल, तर त्याला स्टायरीन (ज्यापासून थर्माकोलचा मणी बनतो तो द्रव) आणि पाणी यांच्या हद्दीवरून सोडवायला रेणूंच्या उष्ण धडपडीतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दोन लाख पट ऊर्जा लागते. म्हणजे तो आपणहून सुटतच नाही. साबणाचा रेणू हद्दीवर येतो-जातो. कण येतो आणि राहतो. पावडरीचं बळ ते हेच.

पण याला एक अट आहे. कण हद्दीला ज्या कोनात टेकतो त्याला स्पर्शकोन म्हणतात आणि तो पाण्याच्या बाजूने मोजतात. 90 अंश म्हणजे अर्धा-अर्धा. तोच कोन 30 अंशांवर आला, म्हणजे कण बराचसा पाण्याकडे झुकला, की पकड पन्नासपटीहून कमी होते. कोन शून्याकडे गेला की पकड संपली. टोपलीभर पावडर घातली तरी ती पाण्यात फिरत राहील, थेंबांवर बसणार नाही. खिचडीतलं कढईच्या तळाशी राहिलेलं कूट ते हेच.

थेंब तेलाचे आणि बाहेर पाणी हवं असेल तर कोन 90 च्या थोडा आत असावा. 1923 मध्ये फिंकल, ड्रेपर आणि हिल्डेब्रँड यांनी हे सोप्या शब्दांत मांडलं: पावडरीला जो द्रव जास्त भिजवतो, तो बाहेर राहतो. कोन 90 च्या पलीकडे गेला की उलटं होतं, तेलात पाण्याचे थेंब तयार होतात. रिॲक्टरमध्ये तसं झालं तर बॅच गेलीच म्हणून समजा.

कुठली पावडर घ्यावी

थर्माकोलच्या मण्यांसाठी सर्वात रुळलेली पावडर म्हणजे ट्रायकॅल्शिअम फॉस्फेट, प्लांटवरच्या भाषेत टीसीपी. नाव ते असलं तरी तिची रचना बरीचशी हायड्रॉक्सीअपॅटाइटची असते, म्हणजे आपल्या हाडांत आणि दातांत असतं तेच खनिज. तिचा मोठा गुण असा की काम झालं की आम्लात विरघळून जाते आणि मणी स्वच्छ होतात.

मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडही चालतं. तेही मॅग्नेशिअम क्लोराईड आणि कॉस्टिकपासून जागेवर तयार करता येतं आणि आम्लात धुऊन जातं. कॅल्शिअम कार्बोनेट आम्लात विरघळतं, पण फसफसून कार्बन डायऑक्साइड सोडतं, तेव्हा बंद भांड्यात जपून. बेरिअम सल्फेट टिकाऊ, पण आम्लाला दाद देत नाही; मण्यांवर राहिलं तरी चालणार असेल तरच घ्या. बेंटोनाइट, केओलिन, सिलिका यांचंही तसंच. शिकाऊ हातांनी टीसीपीपासून सुरुवात करावी. चुका माफ होत नाहीत, पण दिसतात तरी.

टीसीपीचा एक दोष आहे. ती पाण्याला फार धार्जिणी. नुसती घातली तर थेंबांवर नीट बसत नाही. म्हणून सोबत चिमूटभर साबण लागतो: सोडिअम डोडेसिल बेंझिन सल्फोनेट, म्हणजे कपड्यांच्या पावडरीत असतो त्याच कुळातला. त्याच्या रेणूचं डोकं टीसीपीच्या कॅल्शिअमला धरतं, शेपूट बाहेर राहतं, आणि शेपटामुळे कण थोडा तेलाकडे झुकतो. जे. एच. शुलमन आणि जे. लेया यांनी 1954 मध्ये बेरिअम सल्फेटवर नेमकं हेच दाखवलं होतं: अशा रेणूंनी स्पर्शकोन हवा तसा फिरवता येतो.

साबणाचं इथलं काम फेस काढण्याचं नाही, कोन फिरवण्याचं आहे. म्हणून तो पाण्याच्या वजनाच्या 0.002 ते 0.01 टक्क्यांच्या आसपासच लागतो. जास्त झाला तर कणांवर दुसरा, उलटा थर चढतो, कण पुन्हा पाण्याकडे वळतात, आणि उरलेला साबण स्वतःच थेंबांवर जाऊन बसतो. थोडा चांगला म्हणून जास्त अधिक चांगला, हा हिशेब इथे चालत नाही.

ताजा साका

काही वर्षांपूर्वी एका छोट्या कारखान्यात मी पायलट बॅचवर उभा होतो. रेसिपी जुनी, हातखंडा. फरक एवढाच की त्या दिवशी रोज जागेवर करतात तो टीसीपीचा साका न करता गोदामातलं कोरडं पोतं फोडलं होतं. वजन तेवढंच, नाव तेच. अडीच तासांनी अॅजिटेटरच्या मोटरचा काटा वर सरकायला लागला, मग थरथरायला लागला. साइट ग्लासमध्ये मगाशी रवा दिसत होता, आता हरभरे दिसत होते. दहा मिनिटांत मोटर ट्रिप. पुढचे तीन दिवस आम्ही छिन्नी-हातोडीने रिॲक्टर मोकळा करत होतो. पोत्यातली पावडर भिंगाखाली ठेवल्यावर कळलं: कण बारीकच होते, पण ओल लागून त्यांची ढेकळं झाली होती. वजन भरत होतं, झाकण बसत नव्हतं.

कोरडी पावडर वाईटच असते असं नाही. नीट दळलेली आणि नीट साठवलेली चालते. पण लहान प्रमाणावर साका जागेवर करणं सोपं आणि भरवशाचं. एक लिटर डीएम पाण्याचे दोन भाग करा. एकात ट्रायसोडिअम फॉस्फेटचे स्फटिक (बारा पाण्याचे) साडेचोवीस ग्रॅम विरघळवा. दुसऱ्यात कॅल्शिअम क्लोराईड (दोन पाण्याचं) सुमारे 16 ग्रॅम. फॉस्फेटचं द्रावण जोरात ढवळत त्यात कॅल्शिअमचं द्रावण बारीक धारेने सोडा. पीएच 9 च्या खाली येऊ देऊ नका. येत असेल तर कॉस्टिकचे थेंब घाला. दुधासारखा पांढरा साका येईल. त्यात पावडर सुमारे 10 ग्रॅम. त्याच दिवशी वापरा. बोर्डोवाल्याचा पहिला नियम.

पाणी डीएमच घ्या. आपल्याकडची बोअर काळ्या पाषाणातली, कॅल्शिअम-मॅग्नेशिअम भरपूर. त्या पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही तो ज्या कारणाने, त्याच कारणाने तुमचा मोजून घातलेला साबणही कणांवर पोचण्याआधीच अडकतो.

किती लागेल

अंदाज कागदावर काढता येतो. कण गोल आहेत आणि थेंबावर एकच थर दाटीने बसला आहे असं धरा. मग पावडरीचे ग्रॅम म्हणजे 3.6 गुणिले पावडरीची घनता, गुणिले मोनोमरचे (इथे स्टायरीनचे) मिलिलिटर, गुणिले कणाचा व्यास भागिले थेंबाचा व्यास.

उदाहरण घ्या. 100 मिलिलिटर स्टायरीन, अर्ध्या मिलिमीटरचे मणी हवेत, कण अर्ध्या मायक्रॉनचे, टीसीपीची घनता 3.1. कण थेंबाच्या हजाराव्या हिश्श्याचा. उत्तर येतं सुमारे 1.1 ग्रॅम. काही पावडर पाण्यातच राहते, काहीचे पुंजके होतात, म्हणून दीडपट धरून सुरुवात करा.

या हिशेबातून दोन सूत्रं हाती लागतात. मणी निम्म्या आकाराचे हवे असतील तर पावडर दुप्पट लागेल. कण निम्म्या आकाराचे मिळाले तर पावडर निम्मी पुरेल. महागडी वाटणारी बारीक पावडर म्हणूनच अनेकदा स्वस्त पडते.

आणि पावडर कमी पडली तर? थेंब लगेच सगळे एक होत नाहीत. दोन अर्धे झाकलेले थेंब एकत्र आले की नव्या थेंबाचा पृष्ठभाग दोघांच्या बेरजेपेक्षा कमी असतो, पण कण तेवढेच; म्हणजे तो जास्त झाकला जातो. असं होत होत सगळे थेंब पुरते झाकले गेले की जोडणं थांबतं. आर. एम. वायली यांनी 1954 मध्ये याचं वर्णन ‘मर्यादित जोडणी’ असं केलं. म्हणजे मण्याचा आकार ढवळण्यापेक्षाही पावडरीच्या मापाने ठरवता येतो, आणि सगळे मणी बरेचसे एकसारखे येतात. ढवळणं थेंब बारीक करतं. किती बारीक राहायचं ते पावडर ठरवते.

पाच बाटल्या

आता मोसंबीवाल्याच्या खिळ्याकडे येऊ. आपला खिळा म्हणजे पाच बाटल्या.

बुचाच्या 100 मिलिलिटरच्या पाच काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत टीसीपीचा ताजा साका (कोरडं वजन 0.3 ग्रॅम) आणि साबणाचं लिटरला 1 ग्रॅम असं द्रावण अनुक्रमे 0, 1, 2.5, 5 आणि 10 मिलिलिटर. डीएम पाणी घालून प्रत्येकी एकूण 50 मिलिलिटर करा. दहा मिनिटं हलवत राहा. आधी साबण कणांवर बसू द्या. मग 20 मिलिलिटर स्टायरीन, इनिशिएटर (पॉलिमर व्हायला सुरुवात करून देणारं रसायन) न घातलेलं. बूच लावून एकाच हाताने, एकाच जोराने 30 वेळा हलवा. हे सगळं फ्यूम हूडमध्ये. पाच मिनिटांनी एकदा आणि तासाने एकदा पाहा.

पावडर खाली बसली आणि वर स्टायरीनचा सलग थर आला: कण पाण्याकडचे, साबण कमी. थेंब राहिले पण मोठे-लहान, हळूहळू फुटून एक होणारे: जवळ आलात, अजून थोडा साबण. वर एकसारखा साबुदाणा तरंगतोय, खालचं पाणी नितळ, आणि बाटली आडवी करून सरळ केली तरी दाणे एकमेकांवरून घरंगळतात: हेच माप. थेंब आहेत पण पाणी दुधाळ आणि तासाने वर पुन्हा तेलाचा पापुद्रा: साबण जास्त.

चांगलं माप दोन बाटल्यांच्या मधे असेल तर त्या दोहोंमधल्या पाच पायऱ्या पुन्हा करा. साबणाचं नवं पिंप, टीसीपीचा नवा लॉट, पाण्याचा नवा स्रोत: काहीही बदललं की पाच बाटल्या पुन्हा. त्या दिवशी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं होतं. बाटल्या केल्या असत्या तर पोत्याने अर्ध्या तासात स्वतःच सांगितलं असतं.

आधी सावधगिरी

स्टायरीनची वाफ 31 अंशांनाच पेट घेऊ शकते. एप्रिल-मेमध्ये संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे शेडमधलं प्रत्येक उघडं पिंप पेटण्याच्या तयारीत असतं. अर्थिंग, ज्योतरोधक वायरिंग आणि हवा खेळती, यात तडजोड नाही. पिंपातलं स्टायरीन आपोआप पॉलिमर होऊ नये म्हणून त्यात टीबीसी नावाचा रोधक असतो आणि त्याला काम करायला थोडा ऑक्सिजन लागतो. म्हणून पिंप सावलीत, थंड ठेवा, आणि ‘सुरक्षित’ म्हणून त्यात नायट्रोजन कोंबून हवा काढून टाकू नका. इनिशिएटर म्हणून वापरायचं बेंझॉइल पेरॉक्साइड ओलंच साठवा, ओलंच वापरा. वाळवायचं नाही, खलायचं नाही, धातूच्या चमच्याने खरवडायचं नाही.

रिॲक्टरमध्ये

क्रम बाटलीतलाच. पाणी, साका, साबण; दहा-पंधरा मिनिटं ढवळणं; मग इनिशिएटर विरघळवलेलं स्टायरीन. शिकाऊ बॅचला पाणी मोनोमरच्या अडीच-तीनपट ठेवा. दाटी कमी, टकरा कमी. तापवण्याआधी एक सॅम्पल बीकरमध्ये घ्या. ढवळणं नसताना थेंब काही मिनिटं वेगळे राहिले तरच वाफ सुरू करा. थंड असताना जे टिकत नाही ते 90 अंशांना टिकणार नाही.

पुढे तीन टप्पे येतात. पहिल्यात थेंब पातळ असतात: फुटतात, जुळतात, पुन्हा फुटतात. दुसरा टप्पा चिकट. साधारण पाव भाग स्टायरीन पॉलिमर झाल्यापासून दोन तृतीयांशापर्यंत. थेंब आता मधासारखे. आपटले तर पटकन सुटत नाहीत, आणि सुटले नाहीत तर एकच होतात. तिसऱ्यात मणी कडक होतात आणि मग आपटले तरी फक्त वाजतात.

सगळी परीक्षा दुसऱ्या टप्प्याची. तिथे ढवळण्याचा वेग बदलू नका. वीज गेली तर अॅजिटेटर जनरेटरवर जाईल याची सोय बॅच सुरू करण्याआधी तपासा. चिकट थेंब थांबून एकमेकांवर दाबले गेले तर पावडरीचं झाकणही पुरत नाही. याच सुमारास एक गंमत घडते. स्टायरीन पाण्याहून हलकं (घनता 0.91), पॉलिस्टायरीन पाण्याहून जड (1.05). सुरुवातीला ढवळणाऱ्याने तरंगणारे थेंब खाली ओढायचे असतात, शेवटी बसणारे मणी वर उचलायचे असतात. पंखा दोन्ही कामं करील असा बसवा.

पीएचवर लक्ष ठेवा. बेंझॉइल पेरॉक्साइड तुटताना थोडं बेंझॉइक आम्ल तयार होतं, आणि आम्लात टीसीपी विरघळते. ज्या गुणामुळे ती शेवटी धुऊन जाते, तोच मधेच उलटला की झाकण उघडं पडतं. पीएच 7 च्या वरच राहू द्या.

मोटरचा अँपिअर काटा दर दहा मिनिटांनी वहीत लिहा. काटा हळूहळू चढू लागला आणि सॅम्पलमधले मणी अर्ध्या तासापूर्वीपेक्षा मोठे दिसले, तर चिकट टप्प्याच्या सुरुवातीला अजून वेळ असतो: राखून ठेवलेला ताजा साका, मापातल्या साबणासह, आत सोडा. काटा थरथरायला लागल्यावर मात्र उशीर झालेला असतो. तेव्हा थंड पाणी जॅकेटला, ढवळणं चालू, आणि रोधक आत. मोटर वाचली तर बॅच गेली तरी चालेल.

मणी काय सांगतात

बॅच निघाली की चाळणीने आकार पाहा आणि मूठभर मणी भिंगाखाली. दोन-दोन जोडलेले मणी दिसले तर चिकट टप्प्यात झाकण थोडं कमी पडलं. सगळेच मणी हवे त्यापेक्षा मोठे पण एकसारखे असतील तर पावडरीचं माप वाढवा, साबणाला हात लावू नका. आकार भलतेच विखुरलेले असतील तर साबणाकडे आणि पंख्याकडे पाहा. पाणी दुधाळ राहिलं आणि त्यातून बारीक पीठ निघालं तर साबण जास्त झाला. थेंबांबाहेर, पाण्यातच पॉलिमर बनू लागलं. भिंतीवर पापुद्रा चढला असेल तर पुढच्या बॅचआधी रिॲक्टर घासून स्वच्छ करा. खडबडीत भिंतीवर पुढचा पापुद्रा लवकर धरतो. आणि घासताना भांडी धुण्याची पावडर वापरली असेल तर ती शेवटच्या थेंबापर्यंत धुऊन काढा. तो साबण तुमच्या हिशेबात नसतो.

धुण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणा, अर्धा तास ढवळा. मणी धूसर पांढऱ्याचे चकचकीत होतात. हे स्टीलच्या रिॲक्टरमध्ये करू नका. 304 काय, 316 काय, क्लोराईडने खड्डे पडतात. काचेचं अस्तर असलेलं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं भांडं घ्या. धुवणाचं पाणी गटारात सोडायचं नाही. त्यात कॅल्शिअम आणि फॉस्फेट दोन्ही विरघळलेले आहेत. चुना घालून पीएच वर नेला की फॉस्फेट पुन्हा साका होऊन खाली बसतं आणि गाळून काढता येतं.

संभाजीनगरच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या दुचाकीस्वारांच्या हेल्मेटमध्ये पांढऱ्या थर्माकोलचं अस्तर असतं. जुनं हेल्मेट मोडीत निघालं तर ते अस्तर कापून पाहा: फुगलेले मणी एकमेकांना चिकटून बहुकोनी झालेले दिसतील. मणी चिकटायलाच हवेत, पण साच्यात, वाफेवर, आपण म्हणू तेव्हा. त्याआधी रिॲक्टरमध्ये त्यांना मोकळं ठेवण्याचं काम चिमूटभर पांढऱ्या साक्याने केलेलं असतं. तो साका थेंबाला लागतो की नाही हे रिॲक्टरमध्ये कळण्यापेक्षा बाटलीत कळलेलं बरं. मोसंबीवाला खिळा बुडवल्याशिवाय पंप भरत नाही.